मिशीतल्या मिशीत कोण गं हसलं?

प्रिय सुमन,

ओवी झोपली आहे. मी दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत फेऱ्या मारून दमलो, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. महेश कारखान्यात पाळीवर गेलाय, सूनबाई कल्याणी चौकातल्या मेडिकलवर. घरात सांगायला कोणी नाही आणि बातमी पोटात राहत नाही. कल्याणीला फोन लावतो आणि घंटी वाजायच्या आत बंद करतो. आधी तुलाच सांगतो.

सुमन, आपली नात बोलली. एकच शब्द, पण बोलली!

आता उठल्यावर पुन्हा म्हणेल का गं? की झोपेतून उठताना तो शब्द उशीवरच राहील? आणि मी सांगितलं अन् ती गप्प बसली, तर कल्याणी काय म्हणेल? म्हाताऱ्याला भास झाला म्हणेल. म्हणून हातात फोन आणि समोर कागद, असा बसलोय.

तू गेलीस तेव्हा ओवी पाळण्यात होती. तिचं नाव मी ठेवलं म्हणून तू हसली होतीस, 'आता ही गाणार तरी, नाहीतर कान किटवणार तरी.' यातलं काहीच झालं नाही. तिसरं वर्ष लागलं, सरत आलं, तरी पोर बोट दाखवायची, हात धरून ओढायची, पण तोंडातून शब्द नाही. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून म्हणायच्या, नाव ओवी आन् तोंडाला कुलूप. मी आतून ऐकायचो. उत्तर द्यायला तू नव्हतीस.

जालन्याला नेलं. कान तपासले, कान चांगले निघाले. मग बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं, आधी मोबाईल बाजूला ठेवा. तिच्याशी खेळा, तिच्याशी बोला, आणि बोलून थांबा. मी छाती पुढे काढून म्हणालो, बाई, हे तर आमच्या घरचंच काम आहे! हिच्या आजीनं वाटूरात चिंचेखाली बालवाडी चालवली, सारं गाव बोलतं केलं.

तुझे खेळ मला सगळे पाठ होते. निदान मला तसं वाटत होतं.

परातीत कापसाचा पुंजका ठेवायचा आणि फुंकर मारून पलीकडच्या काठाला न्यायचा. हसत-खेळत ओठ, गाल, श्वास कामाला लागतात म्हणायचीस. डब्यांचा खेळ तर माझा आवडता. एकात चिंचोके, एकात हरभरे, एकात वाळू. कानाशी हलवायचं आणि विचारायचं, आत कोण राहतंय? आणि दुकान-दुकान. त्यात तू मुद्दाम चुकायचीस. पोरानं गुळाकडे बोट दाखवलं की हातात चप्पल ठेवायचीस. मग ते पोर ओरडून सांगायचं, चप्पल नको, गूळ!

सगळं केलं मी, सुमन. सरकी काढलेला कापूस आणला, डबे धुऊन भरले. ओवी फुंकर झकास मारते. पण डबा हलवला की तिनं कान लावायच्या आतच मी सांगून मोकळा, 'चिंचोके!' दुकानात गिऱ्हाईकही मीच, दुकानदारही मीच. ती बिचारी तागडी धरून माझ्याकडे बघत बसायची.

आणि कविता! शाळेतल्या साऱ्या कविता मला चालीसकट येतात, हे तुला सांगायला नको. सकाळी दूध पिताना एक, अंघोळीला दुसरी, जेवताना तर रांगच. ओळ अर्धी सोडायची म्हणजे मला भरल्या ताटावरून उठल्यासारखं होतं. एकेका कवितेबरोबर आमच्या वर्गाची ती ओली जमीन, खडूचा वास, खिडकीतून दिसणारं ज्वारीचं रान परत येतं, आणि मी तिकडे निघून जातो. ओवी इथेच राहते.

परवा भिंतीपलीकडून शकीलाबीनं टोकलं. तिच्या तिन्ही पोरांना तूच चिंचेखाली बसवून घेतलं होतंस, आठवतं ना? ती धुणं वाळत घालता घालता ऐकत होती. म्हणाली, "कंट्रोलर साब, जरा गाडी लावून ठेवा की. सवारी चढू तर द्या."

मी हसून वेळ मारून नेली. पण मनातून चिडलोच. आयुष्यभर बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून माईकपुढे बसून बोललो. परतूरला जाणारी गाडी अमक्या फलाटावर, मंठ्याची तमक्या. माईकला कधी पलीकडून उत्तर येत नाही गं. मला ऐकायची सवयच लागली नाही. पण शकीलाबीनं सांगावं? आणि तू एवढी वर्षं शेजारी असताना एकदाही सांगू नयेस? हा माझा तुझ्यावरचा रुसवा आहे, लिहून ठेवतो.

नाही, सांगितलं होतंस. ते पुढे लिहितो.

काल रात्री जेवताना कल्याणीनं विषय काढला. पोर चांगली आहे, आवाज चढवत नाही. ती म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारपासून ओवीला अंबडला आईकडं ठेवते. तिथं लेकरं हायेत, भांडतील, बोलतील. इथं दिवसभर तुमीच एकटे बोलून राह्यले." मी म्हणालो, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार? तिनं ओवीचे कपडे घालून पिशवी भरली आणि दाराजवळ ठेवली. सकाळपासून ती पिशवी मला दिसतेय. तू गेल्यावर या घराला मी ओवीमुळे धरून आहे, सुमन. ती गेली तर मी कविता म्हणू कोणाला, भिंतीला?

आज सकाळी त्याच तिरीमिरीत तिला घेऊन ओट्यावर बसलो. म्हटलं, दोनच दिवस उरलेत, सगळं शिकवून टाकतो. परात, कापूस, डबे, सगळं मांडलं. आणि तुझं मांजराचं गाणं काढलं. ते पुस्तकातलं नाही, तुझं स्वतःचं.

चिंचेखाली कोण गं बसलं?
मिशीतल्या मिशीत कोण गं हसलं?

आणि पुढची ओळ आलीच नाही.

तोंड उघडं, हात हवेत, आणि डोक्यात काहीच नाही! मला? मला ओळ आठवू नये? चौथीतली कविता मी आजही उलटी म्हणून दाखवीन. मी समोरच्या लिंबाकडे बघत राहिलो. पुन्हा पहिल्यापासून मनात म्हटलं, पुन्हा तिथेच अडलं. वाटलं, हे असंच सुरू होतं का? आधी तिसरी ओळ जाते, मग दुसरी, मग नातीचं नाव? ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज गेला, तरी मी तसाच.

तेव्हा माझ्या गुडघ्यावर हात आपटून ओवी म्हणाली, "मांजल."

मी खाली बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, गाडी उशिरा आली की प्रवासी खिडकीतून माझ्याकडे बघायचे तशी. तिला गाण्यातला शेवटचा शब्द केव्हापासून येत होता. मीच रोज तिच्या आधी तो उचलून नेत होतो.

आणि सुमन, तेव्हा तुझं ते बोलणं आठवलं. मी ड्युटीला जाताना सायकल चिंचेला टेकवून उभा राहायचो. तू दोन-तीन ओळी म्हणायचीस आणि ओंजळ पुढे करून गप्प बसायचीस. पोरं एकेक करून तीत शब्द टाकायची. कोणी मांजर म्हणायचं, शकीलाबीचा धाकटा बिल्ली म्हणायचा, एकानं तर 'तलाठी' म्हटलं होतं. मी लांबूनच दुरुस्त करायचो, अरे, मांजर म्हण, मांजर! तू मान वर न करता म्हणालीस, "ओळ माझी हाये, मांजर त्यांचं हाये. तुमी तुमच्या गाड्या सोडा."

मला वाटलं होतं तू चेष्टा केलीस.

थांब. आत हालचाल झाली. ओवी उठली वाटतं, आणि फाटकही वाजलं. कल्याणी जेवायला आली. आता काय करू?

*

रात्र झाली, पुन्हा लिहायला बसलोय.

मी कल्याणीला काहीच सांगितलं नाही. ती चपला काढत होती, ओवी डोळे चोळत माझ्यापाशी आली. मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, चिंचेखाली कोण गं बसलं? मिशीतल्या मिशीत कोण गं हसलं? आणि तुझ्यासारखी ओंजळ पुढे करून गप्प बसलो.

तू हे कसं करायचीस गं? एवढं गप्प बसणं किती अवघड असतं! शब्द माझ्या जिभेवर येऊन टकटक करत होता. ओवी भिंतीकडे बघते, पंख्याकडे बघते, पायाचं बोट धरते. कल्याणीनं तोंड उघडलं, सांगायला. मी नुसता हात वर केला, गाडी मागे घेताना करायचो तसा. ती थांबली.

ओवीनं माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक मला हसू येत असावं, भीतीचं किंवा कशाचं तरी. तिनं दोन्ही हातांनी माझ्या मिशा धरल्या, आणि म्हणाली, "आबा."

मांजर नाही, सुमन. आबा!

ओळीचं वाटोळं झालं. आणि मी दुरुस्त केलं नाही, शप्पथ.

कल्याणी दारातच खाली बसली. मंग म्हणे, अजून एकदा म्हणा बाबा. आम्ही अजून एकदा म्हटलं, तेव्हा ओवी काहीच बोलली नाही, कापूस उडवत बसली. तरी कल्याणी हसली. जेवण झाल्यावर तिनं दाराजवळची पिशवी उचलून खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "आईला फोन करून सांगते, सध्या न्हाई येत म्हणून." सध्या. तेवढंही मला पुष्कळ आहे.

तुझी ती तिसरी ओळ मात्र अजूनही आठवत नाही. शकीलाबीला विचारलं, तिलाही येत नाही. संध्याकाळपासून शोधतोय, मध्येच सोडून देतो, पुन्हा शोधतो. तुला माहीत आहे, आणि तू सांगू शकत नाहीस, याचा राग येतो मला.

तर माझा शब्द घे. त्या जागी मी माझी ओळ घुसडणार नाही. कुठल्याही कवितेचा शेवट ओवीच्या आधी उचलणार नाही. दोन ओळी म्हणीन, ओंजळ करीन आणि थांबेन. मग ती मांजर टाको, तलाठी टाको, नाहीतर काहीच न टाकता कापूस उडवत बसो. तिसऱ्या ओळीची जागा रिकामीच ठेवतो. ती बोलती राहिली तर एक दिवस तीच तिथं काहीतरी म्हणेल, आणि तेव्हा मी तुला पुन्हा हाक मारीन.

तुझा, अजून थांब्यावरच असलेला,
कंट्रोलर