जुन्या औषधाचं वर्तुळ

१२ मे १९९७, सोमवार
प्रज्ञाच्या रक्तात टायफॉइडचेच जंतू निघाले. सकाळी लॅबमध्ये टायफॉइड ओळखणाऱ्या सीरमच्या थेंबात तिचे जंतू मिसळले आणि डोळ्यांदेखत गुठळ्या झाल्या. आईनं आनंदून जावं अशी ही बातमी नव्हे. तरी हायसं वाटलं. आठवडाभर मलेरिया का, क्षय का, का आणखी काही, या विचारानं डोकं पिकलं होतं. आता निदान नाव तरी कळलं.
घरी आल्या आल्या विलासला सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, पोरीला टायफॉइड निघाला अन् तू हसून राहिली?" वर्ध्याचा माणूस. लखनऊत बारा वर्षं टेलिफोन खात्यात काढली, पण इथलं गोड बोलणं काही अंगी लागलं नाही.

१४ मे, बुधवार
प्लेट वाचली. सिप्रो चालेल. प्रज्ञाला तापातही चौकशा हव्यात, म्हणून सांगितलं की प्लेटभर तुझे जंतू पसरले आणि त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवल्या. जे औषध चालतं त्याच्याभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसतं.
"मतलब जितना बड़ा गोला, उतनी अच्छी दवा?"
साधारण तसंच, म्हटलं. मी मराठीत, ती हिंदीत, आमचं असंच चालतं. मग झोपली. आमच्या हॉस्पिटलातल्या डॉ. मिश्रांनी सिप्रो सुरू केली. पाच दिवसांत ताप उतरेल म्हणाले. आज मीही झोपणार.

१७ मे, शनिवार
ताप आहे. लूचा गरम वारा चाललाय, कूलरचं पाणी संपलं की खोलीची भट्टी होते. लोकांना मी सांगते तेच स्वतःला सांगतेय, की टायफॉइडचा ताप लगेच उतरत नसतो, धीर धरा. दुसऱ्याला सांगायला किती सोपं होतं हे.
शेजारच्या श्रीवास्तव भाभी पातळ खिचडी घेऊन आल्या. "दीदी, पहले बतातीं तो! सिप्रो तो हमारे यहाँ हमेशा रहती है। खाँसी हो, पेट हो, दो गोली खाओ और छुट्टी।" मला राहवलं नाही. असं दोन-दोन गोळ्या खाऊनच जंतू शेफारतात, यावर भाषण ठोकलं. बिचारीचा चेहरा उतरला. नंतर खिचडी मीच खाल्ली, प्र.ला दोन चमचेही गेली नाही. भाभींशी नीट बोलायला हवं होतं.

२० मे, मंगळवार
१०३. दुपारी बरळत होती. मला "मैडम" म्हणाली.
डॉ. मि. पोट दाबून बघतात. ते काय शोधतायत मला माहीत आहे. आतड्याला भोक पडलं तर... नाही लिहीत. सिप्रोचा डोस वाढवला. पेनिसिलिनच्या नात्यातल्या नव्या इंजेक्शनचा विषय निघाला, पण लहानपणी पेनिसिलिननं तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वास लागला होता, म्हणून ते इंजेक्शन द्यायला तेही कचरतात. लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आल्यावर लॅबमधला मदतनीस शुक्ला म्हणाला, "मैडम, आँखें?" लू लागली म्हटलं.

२१ मे, बुधवार
सकाळी प्र.ची जुनी प्लेट फ्रिजमधून काढली आणि पट्टी लावली. सिप्रोचं वर्तुळ पुस्तकातल्या मापानं पास आहे. पण काठावर. तीन-चार वर्षांपूर्वी हीच वर्तुळं केवढी मोठी पडायची! आम्ही रिपोर्टात नुसतं 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं लिहितो, माप कुणी लिहीत नाही. त्यामुळे दरवर्षी वर्तुळ थोडं थोडं आवळत गेलं आणि आम्ही मजेत 'चालेल, चालेल' लिहीत राहिलो. त्यात ही प्लेट एका आईनं वाचलेली. तिला 'चालेल'च दिसणार.
नवी प्लेट लावली. लघवीच्या नमुन्यांसाठी असते ती सिप्रोच्या घराण्यातल्या जुन्या औषधाची चकती ठेवली. ती फसली तर सिप्रोही आतून डळमळीत, असं हल्ली कानावर येतं. आणि मग सहज क्लोरॅम आठवलं. एकेकाळी टायफॉइडला तेच एक औषध. मग जंतू त्याला इतके निर्ढावले की आम्ही चकत्या मागवणंच बंद केलं. फ्रीजरच्या तळाशी एक बाटली सापडली, मुदत कधीच उलटलेली.
शुक्ला हसला. "मैडम, इसकी तो तेरहवीं भी हो चुकी।"
असू दे म्हटलं.

२२ मे, गुरुवार, बुद्धपौर्णिमा
सुट्टी. पण जंतूंना सुट्टी नसते. सकाळची वंदना सोडून लॅब गाठली, चौकीदाराला कुलूप काढायला लावलं. त्याला वाटलं चोरी झाली.
लघवीवाल्या चकतीभोवती वर्तुळच नाही, जंतू चकतीला भिडून उगवलेले. म्हणजे सिप्रोचा भरवसा संपला. आणि क्लोरॅमभोवती हे एवढं मोठं स्वच्छ वर्तुळ! आधी वाटलं, चकती खराब आहे. मग लक्षात आलं, जुनी चकती कमजोर होते, तिचं वर्तुळ लहान पडायला हवं. कमजोर चकतीनं एवढं साफ केलं, तर ताजं औषध काय करील! स्टुलावर बसले आणि एकटीच हसले.
तशीच डॉ. मिश्रांच्या घरी. ते पायजम्यात, हातात वर्तमानपत्र. "रामटेके मैडम, क्लोरैम? उसे तो मैंने खुद पढ़ाना छोड़ दिया।" प्लेट पुढे धरली. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, रक्त तयार करणाऱ्या हाडाच्या मगजावर या औषधाचा परिणाम होऊ शकतो, क्वचित होतो पण जीवावरचा होतो, आई म्हणून नीट विचार करून सांगा. म्हटलं, रक्त मी स्वतः मोजत राहीन. त्यांनी चिठ्ठी लिहिली.
विलास भर उन्हात अमीनाबाद पालथं घालत होता. एका दुकानदारानं विचारलं म्हणे, "भाई साहब, ये अब लिखता कौन है?" विलासनं सांगितलं, "हमारी मिसेस।" संध्याकाळी एकदाची मिळाली. पहिली कॅप्सूल प्र.च्या घशाखाली गेली तेव्हा मी देवघर नसलेल्या घरात कुणाला हात जोडावेत ते न कळून विलासचाच हात धरला. मग वंदना केली. खीर झाली, प्र.नं बोट लावून चाटली तेवढीच.

२६ मे, सोमवार
९९! दोनदा पाहिलं. थर्मामीटर झटकून तिसऱ्यांदा विलासनं पाहिलं. प्र. डोळे उघडून म्हणाली, "कुछ चटपटा मिलेगा?" चटपटा मिळणार नाही, वरणाचं पाणी मिळेल. तोंड वाकडं केलं. ते वाकडं तोंड बघून मला इतकं बरं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.
वर्ध्याला आईला एसटीडी लावला. "जेवून राहिली का व पोरगी?" म्हणत तिकडे तीच रडायला लागली. मग मीही.

३ जून, मंगळवार
रक्त चांगलं. ताप नाही. केस मात्र विंचरताना मूठभर येतात. येतील परत.
डॉ. मि. वॉर्डातून खुशीत आले. "मैडम, अब सबको यही देंगे।" मी म्हटलं, सर, हे औषध जगलं कशामुळे? आपण त्याला टाकून दिलं म्हणून. वर्षानुवर्षं कुणी वापरलं नाही, तेव्हा जंतूंनीही त्याच्याशी लढायचं सोडलं असावं. आता सगळ्यांना दिलं की पुन्हा शिकतील. ते म्हणाले, "तो क्या तिजोरी में रख दें? मरीज़ से क्या कहूँ?"
माझ्या पोरीला मिळालं, दुसऱ्याच्या पोराला जपून ठेवायचं, हे कोणत्या तोंडानं सांगू?
एवढंच ठरलं की क्लोरॅमची चकती पुन्हा मागवायची आणि रिपोर्टात माप लिहायचं.

९ जून, सोमवार
वॉर्डातल्या दोघांच्या प्लेटा. एकाचं वर्तुळ प्र.सारखंच मोठं. दुसऱ्याच्या चकतीभोवती काही नाही, जंतू जुन्याच मस्तीत. म्हणजे डोळे मिटून द्यायचं औषध हे नाही. प्लेट लावल्याशिवाय कळत नाही. शुक्लाला म्हटलं, बघ, तुझा मेलेला एकाकडे उठून बसला, दुसऱ्याकडे नाही. आता तो चेष्टा करत नाही.
प्र.चा कोर्स मागच्या आठवड्यात पूर्ण. टायफॉइड पुन्हा उलटू शकतो, म्हणून महिनाभर लक्ष ठेवायचं. कपाळाला हात लावायला गेले की हात झटकते. "मम्मी, बस!"

१५ जून, रविवार
मलिहाबादचे दशहरी आंबे घेऊन श्रीवास्तव भाभी आल्या. प्र.ला बघून त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशीच्या भाषणाची मी माफी मागणार होते, पण त्याच आधी म्हणाल्या, "दीदी, एक बात थी। इनको चार दिन से बुखार है। बिटिया वाली दवा दो-चार बची हो तो..."
उरलेली नाही म्हटलं, पूर्ण कोर्स दिला. उद्या भाईसाहबांना लॅबमध्ये आणा, मी स्वतः रक्त घेते, आधी काय आहे ते बघू. टायफॉइड आहे का तेच माहीत नाही. आणि ते औषध साधं नाही, रक्तावर जाऊ शकतं.
"अरे, ये सुई के नाम से भागते हैं। आप बस नाम बता दीजिए, दुकान से मँगा लेंगे।"
मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून प्र. ओरडली, "आंटी! क्लोरैम्फेनिकॉल! अमीनाबाद में मिलती है!"
महिनाभरात पहिल्यांदा तिचा आवाज असा घरभर घुमला. मला क्षणभर फक्त तो आवाजच ऐकू आला. भानावर आले तोवर भाभी नाव घोकत फाटकाबाहेर पडल्या होत्या. चपला न घालताच मागे धावले, पण त्यांच्या दाराला आतून कडी. दार वाजवलं, उघडलं नाही. भाभी आतून म्हणाल्या, "दीदी, अभी ये सो रहे हैं, सुबह आइए।"
विलास म्हणाला, पोरीला रागावू नकोस. रागावणार कशी? तिनं मदतच केली. आणि आत्ता पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं ओरडतेय, आंबा कुणी कापणार आहे की नाही म्हणून.
सकाळी ड्यूटीआधी सिरिंज घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. आज रविवार, औषधांची दुकानं बंद; उद्या दहाला उघडतील. भाभी दार उघडतील का, ते बघायचं.