एक संख्या जास्त

बुडापेस्ट, ६ मे १९८३

चि. बोरोकास,

अनेक आशीर्वाद. काकूची गुडघेदुखी कमी आहे, तक्रारी जास्त आहेत. तुझी प्रबंधाची परीक्षा तोंडावर आलेली असताना हे लिहायला मन धजत नाही. माटिल्डकाकू म्हणाली, गप्प बसा, पोरीचा जीव घ्याल. पण परीक्षकांनी सांगण्यापेक्षा काकाने सांगितलेलं बरं.

तू सिद्ध केलंस की कुठल्याही दोन संख्यांतला फरक वर्ग, घन किंवा तसला कुठलाही पूर्ण घात येऊ द्यायचा नसेल, तर शंभराच्या आत ठरावीक मर्यादेपलीकडे संख्या बसूच शकत नाहीत. मी तुझ्या मर्यादेपेक्षा एक जास्त बसवली! यादी सोबत आहे. नेहमीसारखी कागदी पट्टी सरकवून तपासली. पट्टीवर चार, आठ, नऊ, सोळा अशा खुणा केल्या आणि तिचं टोक एकेका संख्येवर ठेवलं. एकही खूण दुसऱ्या संख्येवर पडली नाही.

कुठे बिघडलंय ते शोध. आणि जेवण टाकू नकोस, काकूची शपथ.

तुझा,
बेर्तालानकाका

सेगेड, १० मे

ती. काकांस,

बोरोकाचा सा. न. वि. वि. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मैत्रिणीने तिसा नदीकाठी माशाचा रस्सा खायला नेलं, तर मी त्यात नुसता पाव बुडवत बसले. लग्न मोडलं की काय तुझं, असं तिने विचारलं. त्याहून वाईट, म्हटलं.

मग मीही पट्टी कापली. अहो काका, तुमच्या खुणा चारपासून सुरू होतात! एक कुठे गेला? एकाचा घन काढा, वर्ग काढा, एकच येतो. तुमच्या यादीत अठ्ठावन्न आणि एकोणसाठ शेजारीशेजारी मजेत बसलेत. शाळेत आम्ही एक विसरलो की तुम्ही बाकावर उभं करायचात. आता उभे राहा.

उभ्यानेच पुढचं वाचा. एकोणसाठ काढला की उरलेली यादी चोख आहे, आणि तीत नेमक्या माझ्या मर्यादेइतक्या संख्या आहेत. जास्त बसत नाहीत, एवढंच मी दाखवलं होतं. तेवढ्या खरंच बसतात, हे वर्षभर डोकं फोडूनही दाखवता येत नव्हतं. ते तुम्ही दाखवलंत! प्रबंधात तुमचं नाव घालू ना?

दोघांची माया अशीच राहू द्या.

तुमची,
बोरोका

बुडापेस्ट, १३ मे

चि. बोरोकास,

अनेक आशीर्वाद. पत्र उभ्यानेच वाचलं. काकूने भर सकाळी जर्दाळूच्या दारूची, पालिंकाची, बाटली काढली आणि म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं चुकलात.

जन्मभर पोरांचे गुण कापले, पण स्वतःची संख्या कापली गेल्याचा असा आनंद कधी झाला नव्हता. नाव खुशाल घाल, फक्त मी एक विसरलो होतो हेही लिही.

परीक्षेला आम्ही दोघं येतोय. सगळ्यांसमोर माझं नाव घेशील तेव्हा मला रडू फुटणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, फळ्याकडे बघ.

तुझा,
काका