मागच्या सीटसाठी कडक बुश

अर्डिस,

मी गसच्या गॅरेजवर चाललोय. मोटारसायकलच्या हँडलखालचे मऊ रबरी बुश काढून कडक बसवतो. डॉक्टर म्हणाले, हातांना हादरे नकोत, म्हणून मऊ घातले होते. पण एवढं उंच हँडल त्यांना पेलत नाही. रविवारी ब्रेक दाबताच ते डुललं आणि तू मागून म्हणालीस, “मी नाही बाई पुन्हा बसायची.”

गस म्हणतो, हँडलच बुटकं करा. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

कडक बुशांनी माझ्या हातांना मुंग्या येतील. त्यांची मला सवय आहे. मागच्या रिकाम्या सीटची नाही.

ओव्हनमधलं बटाटे-खिम्याचं हॉटडिश खाऊन घे, तुझं हेल्मेट बाहेर काढून ठेव. दुपारी दारात हॉर्न वाजवीन. तू बाहेर येईपर्यंत वाजवीन. नाहीतर शेजारीच तुला आणून बसवतील.

वर्न