शिट्टीआधीचा गुलाल

मेढा,
२० फेब्रुवारी १९७६

प्रिय कृष्णातदादा,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चार ओळी. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल, रजा मिळत नाही. रजा मिळत नाही हे आईला सांग, ती भोळी आहे. तुझ्याच पलटणीतला हरिबा वर्षात दोनदा घरी येऊन गेला. त्यानं सांगितलं की तू रजा मागतच नाहीस, उलट दुसऱ्यांच्या पहाऱ्याच्या पाळ्या अंगावर घेतोस. मला भयंकर राग आलाय आणि आज तो सगळा या कागदावर उतरणार आहे. तेव्हा तांब्याभर पाणी पी आणि मग वाचायला बस.

आधी गावावरचा राग. गेल्या महिन्यात मी पिठाच्या गिरणीत गेले होते. तो कोंडीबा गिरणीवाला, वर्ष होऊन गेलं तरी आल्यागेल्याला तेच सांगत बसलाय, की सांगलीच्या सामन्यात कृष्णातनं मुद्दाम गोल सोडला, समोर खेळणाऱ्या माधवनगरच्या मिलवाल्यांनी त्याला नोकरी कबूल केली होती. मी म्हटलं, नोकरी कबूल केली होती तर माझा भाऊ मिलची सावली सोडून बर्फात बंदूक धरून कशाला उभा राहिलाय? यावर तो नुसता हसला. मी जोंधळ्याचं दळण तसंच टाकून घरी आले, आणि वर आईची बोलणी खाल्ली.

आता सांगते, मला तो सामना तुझ्याइतकाच पाठ आहे. मावशीबरोबर मी बायकांच्या बाजूला बसले होते. गुणांत आपण पुढं होतो, नुसती बरोबरी झाली तरी मेढ्याचा संघ पुढच्या फेरीत जाणार होता. आबांनी पलटणीत शिकलेला हा फुटबॉल पेन्शनीवर आल्यावर भाताच्या खाचरात पोरांना शिकवला, त्याचं सोनं व्हायची वेळ आली होती. दोघांचाही गोल नाही, आणि सामना संपतच आलेला. त्यांचा उंच आलेला बॉल तू उडी मारून दोन्ही हातांत धरलास. आपली माणसं दोरीपलीकडं नाचायला लागली, मीसुद्धा उभी राहिले. आणि मग तू तो बॉल मारलास तो थेट त्यांच्या माणसाच्या पायाशी. त्यानं तो जाळ्यात घातला, लगेच शिट्टी झाली आणि सगळं संपलं. तू खाली बसून डोळे चोळत होतास, तर आपलेच लोक म्हणाले, बघा, कसा खोटं रडतोय.

त्या संध्याकाळी मावशीच्या दारात तुझा बनियन मी धुतला. गळ्यापाशी हात लावला आणि बादलीतलं पाणी गुलाबी झालं. हरलेल्या गोलकीपरच्या अंगावर गुलाल कुठून आला? आपली माणसं तर लांब होती. जाळ्यामागं उभं राहायची परवानगी एकट्या आबांना होती, आणि त्यांच्या उपरण्यात गुलालाची पुडी बांधलेली मी सकाळीच पाहिली होती. जन्मभर पोरांना ओरडून सांगितलं की शिट्टी होईस्तोवर सामना संपत नाही, आणि पोटच्या पोरानं बॉल धरलेला दिसल्यावर त्यांनाच दम निघाला नाही. मी तुला विचारलं तर तू माझा हात धरून, कुणाला सांगू नकोस म्हणून स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीस. म्हणालास, आबांना कळलं तर ते पुन्हा मैदानात पाऊल ठेवणार नाहीत. फार शहाणा तू. ते तसेही गेले नाहीत. संघ मोडला, गोलपोस्टाचे बांबू कुणीतरी गोठ्याला लावले, आणि आबा तुझ्याशी बोलेनासे झाले. तू भरतीला निघालास तेव्हा पाया पडलास, तर त्यांनी तोंड फिरवलं. तेवढं करूनही तू गप्पच. असल्या चांगुलपणाचं मी काय लोणचं घालू?

आता बातमी. रंगूबाई मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा माधवनगरला मिलमध्ये आहे, बॉल खेळतो, एवढंच ती बोलली. मंडळी येऊन बसल्यावर मी दाराआडून पाहिलं तर तोच! तुझ्यावर गोल मारणारा नाथाजी. माझ्या घरात, आपल्या घोंगडीवर. पोह्यांत मूठभर मीठ घालायचं माझ्या मनात होतं, आईनं बरणी काढून घेतली म्हणून वाचला. आबांनीही त्याला ओळखलं. चेहरा असा केला की विचारू नकोस, आणि पाहुण्यांसमोर बोलून गेले की आमच्याच पोरानं तुम्हाला गोल दिला, तुमचं त्यात काय एवढं कर्तब.

त्या माणसानं हातातली बशी खाली ठेवली. म्हणाला, "दिला न्हाई, मामा. त्येच्या डोळ्यांत गुलाल गेलता. मी म्होरंच हुतो. डोळं मिटूनच मारला त्येनं बॉल. त्यो गोल मी माझा म्हणून कवा सांगितला न्हाई."

मला राहवलं नाही. मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी दाराआडून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. त्याची आत्या म्हणाली, पोरगी तोंडाळ दिसते. पण त्यानं मान वर करून मला सरळ उत्तर दिलं, की आपल्या कप्तानाला सांगितलं होतं, कप्तान म्हणाला गोल तो गोल, आणि मी पुढं तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं नाही. तुझ्यासारखी सारवासारव केली नाही त्यानं. तिथंच मी मनातल्या मनात होकार दिला, आता हसू नकोस.

आबांनी ती बशी उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, "गुलाल म्या टाकला." पाहुणे गेल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं का? ते उठून गोठ्यात गेले. मी ते उत्तरच समजते, आणि त्याबद्दल त्यांना एवढ्यात माफ करणार नाही. मी त्यांना सांगून टाकलं, पाहुण्यांत बोललात, आता जिथं दादाची बदनामी दळली जाते तिथं बोला, नाहीतर मला हळद लावायची नाही. दोन दिवस माझ्याकडं पाठ करून जेवले. तिसऱ्या दिवशी हवालदाराची जुनी टोपी घालून गिरणीवर गेले. दळणाला आलेल्या सगळ्यांसमोर कोंडीबाला गिरणी बंद करायला लावली आणि सांगितलं की माझं पोर चुकलं नाही, मी चुकलो. कोंडीबानं मान खाली घातली म्हणे. माझं टाकलेलं दळण त्यानं स्वतः डोक्यावरून घरी आणून दिलं, तरी मी त्याला चहा विचारला नाही.

तर दादा, हे एवढं लिहायचं कारण असं. वैशाखात लग्न ठरलंय, तारीख मावशी वेगळी कळवेल. कानपिळीला आईनं चुलतभाऊ अर्जुनाचं नाव काढलं, मी नको म्हटलं. नवऱ्याचा कान माझाच भाऊ पिळेल, आणि चांगला लाल होईस्तोवर पिळेल, त्याचा तेवढा हिशेब तुझ्याकडं आहेच. आबा इथं समोर बसलेत. आपल्या हातानं लिहा म्हटलं तर कागद माझ्याकडंच सरकवला. सांगेन ते जसंच्या तसं लिही, म्हणून मला बसवलंय. भटजी सांगतात मुहूर्त गाठायला हवा. पण आबा म्हणतात, "त्येला लिव्ह, मुहूर्त टळला तरी चालंल. कृष्णात मांडवात आल्याबिगर मी अक्षतांची मूठ उघडणार न्हाई."

तुझीच, आणि तू येईपर्यंत रागातच असलेली,
अंजना