फेई कोणी लावली

२ जून

बोट चुकली. चुकवली म्हटलं तरी चालेल. मार्केसासला जायचं म्हणून सॅक भरून निघाले होते, तर तिहोतीमामा डोंगरावरून उतरताना दिसला. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना फेईचे, म्हणजे आमच्या डोंगरी केळींचे, घड, पाय घसरत होते. धावत जाऊन पुढचा घड वर उचलून धरला.

"सोड," म्हणाला. "तोल जातो माझा. मदतच करायची तर घरी जाऊन कॉफी ठेव."

ठेवली.

उद्या कुणी झाडंवाली बाई येणार आहे. राजधानीतल्या, पापेएतेच्या, जंगलखात्याच्या कचेरीने पाठवलेली. मामा तिला वरच्या दरीत नेणार. मीही जाणार. मार्केसास काय, पळून जात नाहीत.

३ जून

बाईचं नाव सोलेन. फ्रेंच, ब्रेताञची. पाय लांब, बूट नवे, नदी ओलांडताना दोनदा पडली आणि दोन्ही वेळा स्वतःच हसली. आवडली मला. (हे ५ तारखेला जोडतेय : नंतर नाही आवडली. ते पुढे.)

वरच्या दरीत फेईची दाट बेटं बघून ती जागच्या जागी थांबली. मलाही दरवेळी तसंच होतं. बाकीच्या केळी घड खाली सोडतात, मान घालून उभ्या असतात, ओरडा खाल्ल्यासारख्या. फेईचा घड सरळ आभाळात. तांबडी-नारिंगी केळी वर तोंड करून. एवढं ओझं, पण वाकायचं नाव नाही.

सोलेनने खोडाला कोयता लावला. जांभळा चीक आला. तिच्या नव्या शर्टावर. तो आता जन्मात निघणार नाही.

मग मामाला विचारलं, "ही कोणी लावली?"

मामाने टोपी काढली. म्हणाला, "कोणी नाही. डोंगर देतो, आम्ही नेतो."

तिने लिहून घेतलं : रानटी.

मी तेव्हा ओढ्यात झिंगे शोधत होते. ऐकलं, पण कान दिला नाही.

५ जून

आता कळतंय, कान द्यायला हवा होता.

तावाना घरी आला होता — गावाचा कारभार त्याच्याकडे. खुर्ची मोडेल म्हणून तो नेहमी पायरीवर बसतो. म्हणाला, "तिहोती, वरची दरी राखीव होणार असं दिसतंय. रानटी देशी झाडांची दरी. कोयता न्यायचा नाही, घड तोडायचा नाही."

"मग खायचं काय?" मी विचारलं.

"पाव," तावाना म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण तोंडातून विनोदच निघतो त्याच्या.

मामा कोयता पुसत बसला होता. पुसतच राहिला.

तावाना गेल्यावर मी सुटले. मामा, तू प्रत्येक घड तोडलास की बुडाशी फुटलेला मुनवा काढून नव्या जागी लावतोस! मी लहानपणापासून बघतेय. मग कोणी नाही लावली असं कसं सांगितलंस?

"वर असताना 'मी लावली' म्हणायचं नसतं."

"का?"

"डोंगर ऐकतो. ज्याच्या घरी जेवतो त्याला, हे मी शिजवलं, असं सांगतात का?"

"बरं, मग खाली सांग. इथे."

"खाली सांगितलं तरी ऐकतोच की तो."

६ जून

राग. दिवसभर राग. कुत्रासुद्धा लांबून गेला.

८ जून

सोलेन चर्चच्या पास्तरांकडे, मागच्या खोलीत उतरली आहे. भांडायलाच गेले. तिने उकडलेली फेई पुढे केली. रिकाम्या पोटी भांडण नीट होत नाही, म्हणून खाल्ली.

ती मात्र काळजीत होती. हळू आवाजात म्हणाली, "तेपुआ, एक खाजगी विचारू? कालपासून माझी लघवी एकदम पिवळी जर्द होतेय. डॉक्टरकडे जाऊ का?"

मी इतकी हसले की भांडण जवळजवळ विसरले. सगळ्यांची होते, बाई. फेई खाल्ली की होतेच. आमच्याकडे पोरं त्याच्या शर्यती लावतात.

मग तिने तिचं शास्त्र सांगितलं. मला शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर कदाचित बसले असते मी शाळेत. बाजारातली केळी एका घराण्यातली, फेई दुसऱ्याच. नुसता घड ताठ म्हणून नाही. चीक वेगळा, केळफुलाच्या पाकळ्या हिरव्या, आणि पेशीत जी गुणसूत्रं मोजतात ती इतर केळींत अकराच्या हिशोबाने, हिच्यात दहाच्या. तिने ढीगभर फळं उभी चिरून ठेवली होती. एकातही बी नाही.

"बी नाही?"

"मला अजून एकही मिळालं नाही. मुनव्यानेच वाढते."

मी चिरलेलं फळ हातात घेऊन बसले. मुनवा बुडाशी फुटतो. पुरात सुटला तर खाली वाहत जाईल. वरच्या दरीत, त्या धबधब्याच्या डोक्यावर, तो कसा चढला?

विचारलं तिला.

"ते माझ्याही डोक्यात आलं होतं," ती म्हणाली. "कुणीतरी नेल्याशिवाय नाही चढणार. पण मी सरळ विचारलं, तर तुझा मामा म्हणाला —"

"खोटं बोलला मामा. अदबीने."

ती हसली नाही. म्हणाली, "बी नाही एवढ्यावर कचेरी ऐकणार नाही. कुठलं बेट कोणी लावलं, ते मला जागेवर उभं राहून सांगणारा माणूस हवा."

जागेवर! म्हणजे नेमकं जिथे बोलायचं नाही तिथे.

१० जून

मामा नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही.

"तू परवा आलीस, परवा जाशील. त्या डोंगराला रोज तोंड मला द्यायचंय."

"दरी बंद झाली तर कुठे तोंड देशील?"

"तेपुआ, आवाज खाली."

"मग मी सांगते वर जाऊन."

"तू? एक तरी लावलीस?"

नाही लावली. सुक्या खोबऱ्याच्या बोटींवर फिरले, मोत्यांच्या शेतावर शिंपले घासले, बाजारात फुलांच्या माळा विकल्या. लावलं कुठेच काही नाही. बरोबर जागी मारलं मामाने. पण म्हणून गप्प बसू? नाही बसणार.

११ जून

गेले. सोलेनला घेऊन. मामाला सांगितलंच नाही, तरी पहिल्या वळणानंतर मागे पावलं ऐकू आली. तो बोलेना, मी वळेना.

वर पोचल्यावर दरीच्या मधोमध उभी राहिले. घाबरले होते, खोटं कशाला लिहू. पण आवाज मोठा काढला. "ही तिहोतीने लावली. ती पलीकडची त्याच्या बापाने. खडकाखालची आजोबाने." डोंगराला ऐकायचंय ना? ऐकू दे. राग धरायचा तर माझ्यावर धर म्हणावं.

निम्मं माहीत होतं, निम्मं ठोकून देत होते. ओढ्याकाठी एक बुटकं बेट आहे. त्याच्याकडे हात केला — "हीसुद्धा तिहोतीने."

"ती माझी नाही."

वळून पाहिलं. मामाने टोपी काढली नव्हती. चेहरा लाल.

"ती तेउराची. पोटुशी होती तेव्हा. मी नको म्हणत होतो, तरी मुनवा पाठीला बांधून चढली. उथळ लावलाय. तिला खोल खणता यायचं नाही. मी असं लावीन?"

तेउरा म्हणजे मामी. ती गेल्यापासून मामाने तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग तो थांबेना. बेटामागून बेट. ही कोणाची, ती कोणत्या वादळानंतरची, ही भावाशी भांडण मिटलं तेव्हाची. सोलेन लिहून लिहून दमली. एकदा म्हणाली, "सावकाश, तिहोती." तर हा म्हणतो, "तुम्हीच विचारलं होतंत."

उतरताना मामा पुढे निघून गेला. पण नदीत हात पुढे केला.

१६ जून

दरी उघडी राहणार! लावलेली, वापरातली, अशी नोंद झाली. तावानाने अंगणात येऊन सांगितलं आणि आनंदाच्या भरात खुर्चीवर बसला. मोडली.

संध्याकाळी खड्ड्याची भट्टी लावली. डुक्कर, मासे, आणि ढीगभर फेई नारळाच्या दुधात. मी सगळ्यांना चिरून दाखवत होते — बघा, बी आहे? शोधा, शोधा! आमच्या हातांशिवाय ही वर गेलीच नसती. मामाने मला स्वतःच्या पानातलं काढून वाढलं.

१७ जून

सकाळी भट्टीत न घातलेली एक पिकलेली फेई तशीच खात होते. दाताखाली कट्ट झालं. खडा म्हणून हातावर घेतला. काळं, टणक, मिऱ्याएवढं.

बी.

मामाने पाहिलं. म्हणाला, "सोलेनला सांगावं लागेल."

सांगणार. चोरून ठेवणार नाही. पण आधी वरच्या दरीत जाऊन, मामीच्या बेटाशेजारी, माझ्या हाताने पेरून येणार. मग तिने यावं आणि लिहावं, ही रानटी की लावलेली.