गाडी नापास व्हावी म्हणून

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या वेळी सवयीनं लिहिलेला नाही. गेल्या महिन्यात मी गाडीखाली कधी पाठीवर, कधी पोटावर इतका वेळ पडून होतो, की आठही अंगं जमिनीला नीट लागलेली आहेत. गुडघ्यावर अजून ग्रीस आहे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची दाढ काढली की राहिली? राहिली असेल तर राहू दे. जुन्या वस्तू काढायला गेलं की काय होतं, ते पुढे लिहितोच आहे. इकडे सर्व क्षेम, असं लिहायचा रिवाज आहे. म्हणून लिहिलं.

मागच्या खेपेस स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन आपण जे ठरवलं, ते तुला आठवत असेलच, कारण ठरवलं तूच होतंस. बाबांच्या उजव्या डोळ्याला समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं गेलं आहे. डावा त्याच वाटेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी आपल्या तिघांसमोर सांगितलं होतं, की आता गाडी चालवू नका. आपण दोघांनी ते ऐकलं. बाबांनी ऐकलं नाही. (कान उत्तम आहेत. शेजारी कोणी स्कूटरचा गिअर चुकवला तर बाबा पलंगावर उठून बसतात.) कुणीतरी त्यांना पुन्हा सांगायला हवं होतं. तू म्हणालीस, तू धाकटा आहेस, तुझं ते मनावर घेणार नाहीत, तूच सांग. मी म्हणालो, तू थोरली आहेस, तुझं ते मनावर घेतात, तूच सांग. मग तुला ती युक्ती सुचली. महिनाअखेर गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. सत्तावीस वर्षांची गाडी. तपासणीला न्यायची, ती नापास होणार, तपासनीस तिला भंगारात पाठवणार, आणि आपण दोघं बाबांच्या बरोबरीनं हळहळणार. वाईटपणा सरकारी कचेरीकडे. अट एकच, या वर्षी सर्व्हिसिंग करायचं नाही. 'तू फक्त काही करू नकोस. तेवढं तरी जमेल ना?' असं म्हणून तू बॅग उचललीस आणि गेलीस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की शेळी एकच होती आणि तिला चार चाकं होती.

ताई, काही न करणं हे या घरात अतिशय कष्टाचं काम आहे. बाबा रोज सकाळी सातला खाली जातात. ड्रायव्हरच्या शेजारचं दार बाहेरून उघडत नाही, ते आतून उघडून ठेवतात. मागची काच दोन्ही तळहातांनी खाली ढकलतात. वायपर एकदा फिरवून बघतात. (तो काचेचा जेवढा भाग आधीच स्वच्छ असतो तेवढाच पुसतो.) मग इंजिन सुरू करून, काच वर घेऊन दहा मिनिटं डोळे मिटून आत बसतात. रविवारी बॉनेट उघडतात. मी त्यांना या सगळ्यापासून लांब ठेवायचा प्रयत्न केला. बुद्धिबळाचा पट मांडला. मी दोनदा हरलो आणि ते खाली गेले. तिसऱ्यांदा मी जिंकायला लागलो, तर ते मधूनच उठून गेले.

तू म्हणशील, दहा मिनिटं बसू दे की. पण ते बसून राहत नाहीत. मंगळवारी वाचनालय आणि शनिवारी पाव. फाटकाच्या खांबाला त्यांनी या वर्षी तीनदा गाडी घासली. खांब कलला आहे असं त्यांचं मत आहे. (आता कललाच आहे.) तू येण्याच्या आठवडाभर आधी मी शेजारी बसलो होतो, तेव्हा त्यांनी वेग कमी करून, काच खाली घेऊन पोस्टाच्या पेटीला नमस्कार केला. पेटी बुटकी आणि लाल आहे, लांबून आपल्या जुन्या हेडमास्तरांसारखी दिसते, हे मान्य. मी हसलो. पण कोपऱ्यावर शाळा आहे, ताई, आणि पोरं बुटकीच असतात. त्या दिवसापासून मला हसू येत नाही. म्हणून तुझी योजना मी मान्य केली. आवडली म्हणून नाही.

पहिल्या पंधरवड्यात योजना उत्तम चालली होती. गाडी धूर सोडू लागली. निळा, दाट, मागच्या नळीतून गोळ्यागोळ्यांनी येणारा. समोरच्या शिवणवाल्या बाईंनी दोरीवरचे कपडे आत घेतले आणि खिडकीतून, 'अहो, गाडी चालवताय का डास मारताय?' असं विचारलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्याच संध्याकाळी मी तुला फोनवर 'पिकलं' एवढंच म्हणालो होतो आणि तू 'पडू दे' म्हणाली होतीस. बाबा मात्र दोन दिवस जेवण अर्धवट टाकून खाली जात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी परस्पर सावकाश मिस्त्रींना बोलावलं.

सावकाश मिस्त्री तुला आठवतात ना? तुझ्या पाठवणीच्या दिवशी गाडी फाटकातच बंद पडली होती आणि तू नव्या साडीत मागे बसून होतीस, तेव्हा बॉनेटखालून 'सावकाश, सावकाश' म्हणत होते ते. आता साठीला आले आहेत. बोलणं तेवढंच आहे. मी त्यांना फाटकाशीच गाठून हळूच सांगितलं, की आता हिचं काही होण्यासारखं नाही, उगाच खोलात जाऊ नका. दवाखान्यातले डॉक्टर म्हाताऱ्या माणसाच्या घाईतल्या वारसांकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बॉनेटकडे गेले. तिथे त्यांनी काहीच केलं नाही. नुसतं ऐकलं. मग तेलाची पातळी बघायची ती पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले. आणि मग म्हणाले, घरातल्या सगळ्यांना खाली बोलवा.

आम्ही सगळे खाली आलो. तेल वरच्या खुणेच्या चांगलं चार बोटं वर होतं, धूर त्या जास्तीच्या तेलाचा होता. 'तेल कोण घालतं?' मिस्त्रींनी विचारलं. बाबा म्हणाले, मी. दर रविवारी, थोडं. सत्तावीस वर्षं. त्यावर तुझी भावजय लाल झाली. ती म्हणाली, बाबांना पट्टीवरची खूण नीट दिसत नाही, घालायचं राहून जाईल, म्हणून मीही घालते. गुरुवारी. खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं, मोजून दहा झाकणं. (औषधांच्या दुकानात काम करत असल्यामुळे ती मापाशिवाय काही ओतत नाही. चहासुद्धा.) बाबांनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिच्या थोडंसं शेजारी बघितलं, कारण आता त्यांना तसंच बघावं लागतं. 'सूनबाई, मला सांगायचं नाही का?' 'तुम्हाला वाईट वाटलं असतं.' मिस्त्री बोटांवर हिशेब करत होते. ते म्हणाले, या दोघांचं मिळून एवढं होत नाही. तिसरा कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बॉनेटकडे बघितलं.

'साहेब,' मिस्त्री बाबांना म्हणाले, 'हिला आजार नाही. हिचे लाड झालेत.'

त्यांनी डबाभर तेल खाली सोडलं आणि आपली योजना त्याच्याबरोबर गेली. तेवढ्यावर थांबतील तर ते सावकाश मिस्त्री कसले? उघडलंच आहे तर प्लग बघू. प्लग काढलेच आहेत तर एअर फिल्टर. चाकं उतरवलीच आहेत तर ब्रेकचे लायनर. चाकं कशाला उतरवली असं मी विचारलं, तर म्हणाले, लायनर बघायला. तीन दिवस अंगणात आमच्या गाडीचं पोट उघडं होतं आणि मी, ज्याला काहीही करायचं नव्हतं, तो खाली आडवा पडून त्यांना पाने देत होतो. चौथ्या दिवशी इंजिन सुरू केलं, तर सुरू झालं आहे हे कळेना. मी पुन्हा किल्ली फिरवली. बाबा ओरडले.

तपासणीला आम्ही दोघं गेलो. रस्त्यात मी चालवली. (बाबांचा चष्मा मी घरी लपवला होता. त्यानं काही फरक पडत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण त्यांनी तक्रार केली नाही.) कचेरीच्या आवारात मात्र मीच चालवणार, मालक मी आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आवार मोकळं होतं, भिंतीनं बंद होतं. मी उतरलो. तपासनीस एक सडपातळ बाई होत्या, डोक्यावर छत्री, हातात कागद अडकवलेली फळी. धुराचा आकडा बघून त्यांनी यंत्र झटकलं आणि पुन्हा लावलं. तोच आकडा. दिवे लागले. हॉर्न वाजला. वर्षभर फक्त डावीकडे वळताना वाजणारा हॉर्न त्या दिवशी सरळ उभा असताना वाजला. मला राहवेना. वायपर बघितलात का, मी विचारलं. दाराचं बघितलंत का? बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, 'तुम्ही गाडी विकत घेणारे का?' मी म्हणालो, मी मुलगा. त्यावर त्यांनी बाबांकडे अतिशय सहानुभूतीनं बघितलं.

शेवटी ब्रेक. सरळ जायचं आणि पांढऱ्या पट्ट्यावर थांबायचं. पट्ट्याच्या पुढे, झाडाखाली, बाईंचं टेबल होतं. टेबलावर चहाचा कप. बाबा निघाले. सरळ, सुरेख, एका रेषेत. पट्टा आला आणि गेला. गाडी थांबली नाही. बाई ओरडल्या, मी ओरडलो, आणि बाबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गच्च उभी राहिली. टेबल आणि बंपर यांच्यामध्ये एक वीत. कप हलला नाही. बाईंनी जवळ जाऊन ती वीत बघितली, कप बघितला, आणि फळीवर लिहिलं, ब्रेक उत्तम. पाच वर्षांसाठी पास.

बाबांनी इंजिन बंद केलं. मग उतरले आणि आलेल्या वाटेनं मागे चालत गेले. हळूहळू, खाली बघत. पट्टा त्यांना बुटाच्या टोकाखाली सापडला. हातभर रुंद होता. त्यांनी एका पायानं तो इकडून तिकडे मोजला. मग माझ्याकडे आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, 'गाडी पास झाली. मी नाही.' आणि पलीकडच्या बाजूला जाऊन दारापाशी उभे राहिले. ते दार बाहेरून उघडत नाही. मी आत बसून, वाकून ते उघडलं.

तेव्हा आता परिस्थिती अशी. माझ्याकडे सत्तावीस वर्षांची गाडी आहे, जी अजून पाच वर्षं हटणार नाही. शेजारच्या सीटवर बाबा आहेत, तेही हटणार नाहीत. मंगळवारी वाचनालय, शनिवारी पाव, चालवायची मी. ते डोळे मिटून बसतात आणि आवाजावरून सांगतात. क्लच. आता. आता म्हणजे मघाशी. तिसरा टाक, ती मागते आहे. दुसरा एवढा कशाला पिळतोस, कपडे आहेत का? वीस वर्षं मी गाडी चालवतो आहे असं मी समजत होतो. शिवणवाल्या बाई आता खिडकीत उभ्या राहून आम्हाला जाताना बघतात. बाबा चालवत नाहीत, एवढं काम मात्र झालं. पण ते तुझ्या योजनेनं झालेलं नाही. तिचं एकही कलम पार पडलेलं नाही, तेव्हा श्रेय घेऊ नकोस. यापुढे तुला काही सुचलं, तर ते भाऊजींच्या दाढेवर कर.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना पाठीत धपाटे, माझ्या वतीनं, जोरात.

तुझा, काहीही न करणारा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. तपासणीत बाईंनी जॅक मागितला. जॅक होता, दांडा नव्हता. दुसऱ्याच्या गाडीतला मागून दाखवावा लागला. अकरा वर्षांपूर्वी घर बदलताना कपाट न्यायला तू गाडी नेली होतीस. दांडा तेव्हापासून नाही. तुझ्या मागच्या खोलीची खिडकी ज्याच्यावर उघडी राहते, त्याला तू पांढरा रंग दिला आहेस. रंग दिल्यानं दांडा ओळखू येत नाही असं नाही.

ता. क. दोन. बाबांनी हे पत्र वाचून दाखवायला सांगितलं. योजनेचा भाग गाळून वाचलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, बुधवारचं लिहिलंस का? म्हणून लिहितो. तेल घालणारा तिसरा मी. दर बुधवारी, ते झोपले की. एकदाही चुकलो नाही. कारण विचारू नकोस.

ता. क. तीन. दांडा पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये. बाबांना तुझा चेहरा समोरून दिसत नाही, पण जरा कडेला उभं राहिलं की दिसतो, असं ते म्हणतात. डावा डोळा आहे तोवर ये. स्टेशनवर गाडी येईल. तुला मागे बसलं की मळमळतं (निदान लहानपणी तू तसं सांगायचीस), म्हणून पुढची जागा कायम तुझी असायची, हे माझ्या लक्षात आहे. या वेळी मात्र मागे बस. ती जागा आता बाबांची आहे.