अस्तर आत, काळोख बाहेर

मेव्हणेबुवांस,

वयाने मोठ्या जावयाचे आशीर्वाद (नको असतील तर तुमच्या ताईकडे परत करावेत). तुमची प्रकृती ठीक असेलच. इकडे सर्व क्षेम, फक्त मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा तीनदा उठून लिहितोय.

कारण येता रविवार. तुमचे तीर्थरूप अण्णा फोटोला बसायला तयार झालेत. अठ्ठ्याहत्तर वर्षं ज्यांनी कॅमेऱ्याला तोंड दाखवलं नाही, ते कधी फिरतील याचा नेम नाही. त्यातून माझा तो मोठा लाकडी कॅमेरा (ताई त्याला सवत म्हणते). त्याच्या मागच्या काचेवरचं चित्र दिसायला डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं, आणि माझं कापड उंदरांनी खाल्लं. म्हटलं, घरीच करू. हौसेला मोल नसतं, पण थोडी अक्कल लागते. आधी जुनी चादर काळी रंगवली. रंग चादरीपेक्षा मलाच जास्त बसला. कपाळ आणि कान घेऊन ऑफिसात गेलो तर साहेबांनी काही न विचारता अर्ध्या दिवसाची रजा दिली. मग जाड कापड दुहेरी केलं. अंधार उत्तम, हवा शून्य. घेरी येऊन पडलो, आणि शुद्धीवर येताच आधी कॅमेरा बघितला, याचा ताईला अजून राग आहे.

शेवटी कळलं की आतून काळं, बाहेरून पांढरं हवं, म्हणजे उकडत नाही. अण्णांच्या शिलाई मशीनवर बसलो. शिंप्याचे चिरंजीव असून तुम्ही रेडीमेड कपड्यांच्या दुकानात नोकरी धरलीत त्या दिवसापासून अण्णांनी तुमच्याशी अबोला धरलाय आणि मशीनशीही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते पेपराआडून बघत होते. तिसऱ्यांदा दोरा तुटला तसे म्हणाले, "ऊठ. कापडाचे हाल बघवत नाहीत." दोन वर्षांनी मशीन वाजलं. ताई हातातलं भांडं तसंच धरून दारात उभी राहिली. मलाही भरून आलं, लपवत नाही.

तासाभरात कापड तयार. टीप सरळ, कोपऱ्यांत वजनं, आणि काळं बाहेर, पांढरं आत. का, तर अस्तर आत असतं. उलटं करून घेतलं की झालं, म्हटलं. पण आपल्या हातचा कपडा कुणी उलटा घातलेला त्यांना खपत नाही. वाद वाढला (जेवणं थंड झाली). अखेर मी म्हटलं, स्वतः शिरून बघा. कापड उलटं करून शिरले. मी समोर खुर्चीवर, काचेत खाली डोकं वर पाय दिसत असणार. दहा मिनिटं बाहेर येईनात. बाहेर आले ते अस्तराबद्दल अवाक्षर न काढता म्हणाले, खुर्चीशेजारी एवढी जागा कुणासाठी सोडलीस? म्हटलं, कॅमेरा पुढे घेतो. नको म्हणाले आणि हात धुवायला गेले.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो निमूट घ्यावा.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. रविवारी दहा ते अकरा पुढच्या खोलीत उजेड चांगला असतो. काही सुचवण्याचा हेतू नाही.

ता. क. दुसरा. हेतू आहे. या.

ता. क. तिसरा. येताना दुकानातला शर्ट घालू नका. अण्णांनी पांढरं कापड बेतायला घेतलंय. तुमच्या गळ्याचं माप उलट टपाली कळवा. त्यांनी विचारलं असं लिहायचं नाही, अशी मला ताकीद आहे.